ताई, तुम्ही गेम खेळता?



मागच्या वेळी मी गटाच्या वहीबद्दल बोलले होते. आजचा विषय मीच मागून घेतला. रेडिओवरच्या ताईंनी विचारलं, "गेमवर बोलायचं म्हणजे पोरांना मोबाइलपासून दूर कसं ठेवायचं, हेच ना?" मी म्हटलं, "नाही, मी स्वतः गेम खेळते. त्याबद्दल बोलायचंय." त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग हसल्या. तुम्हीही हसत असाल. छत्तीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई, वीस गटांचं काम बघते, आणि रात्री जेवणं आटोपली की पाऊण तास मोबाइलवर गेम खेळते.

चार वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला माहीत होतं, सासूबाईंना वाटायचं मी गटाचे हिशोब करते. गड्यांनी दुपारभर पारावर पत्ते कुटले तर कोणी विचारत नाही. बाईच्या हातात मोबाइल दिसला की लगेच, "काय करून राहिली एवढा वेळ?" म्हणून लपवलं. मग गेल्या खरिपात एक गोष्ट घडली आणि भरबैठकीत मला तोंड उघडावं लागलं. ती गोष्ट सांगते, पण आधी माझा गेम काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तुम्हाला पबजी माहीत आहे. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि हा गेम गावोगाव पोचला. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारनं तो आणि आणखी 117 ॲप बंद केले, आणि 2021 मध्ये तो वेगळ्या नावानं परत आला. पबजी म्हणजे कबड्डीचा डाव. अर्धा तास खेळला, हरले-जिंकले, पुढच्या डावाला पुन्हा सगळे सारखे. मी खेळते तो गेम शेतीसारखा आहे. डाव संपतच नाही. दंडारीत जसं सोंग घेतात तसं तुम्ही एक सोंग घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, आणि ते सोंग वर्षानुवर्षं काम शिकत, कमवत मोठं होत जातं. त्याच वेळी त्याच जगात जगभरातली हजारो माणसं आपापलं सोंग घेऊन फिरत असतात. आपण फोन बंद केला तरी ते जग चालूच राहतं. आपण घरी आलो म्हणून आठवडी बाजार थोडाच उठतो?

अशा खेळांची सुरुवात 1978 साली इंग्लंडमधल्या एका विद्यापीठातल्या पोरांनी केली. तेव्हा चित्रं नव्हती, नुसती अक्षरं. माझ्या खेळाचं नाव रूनस्केप. तोही इंग्लंडचाच, 2001 सालचा. पुढे कंपनीनं त्यात इतके बदल केले की जुने खेळाडू वैतागले, आम्हाला आमचा जुनाच गेम द्या म्हणाले. 2013 मध्ये कंपनीनं मतदान घेतलं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली, आणि 2007 सालचा जुना गेम पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून त्यात नवीन काही आणायचं तर बहुतेक वेळा आधी खेळाडूंना विचारतात. आधी 75 टक्के मतं लागायची, आता 70. आपल्या ग्रामसभेत एवढ्या मतांवर ठराव करायचा म्हटलं तर गावात एक पाणंद रस्ता होणार नाही! पण एक खोट आहे. मत फक्त वर्गणी भरणाऱ्यांना. फुकट खेळणाऱ्यांनी बघत बसायचं.

मला हा गेम धाकट्या भावानं लावून दिला, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. तो पुण्याहून घरी आलेला, गटाच्या बैठका बंद, मी घरात घुसमटलेली. म्हणाला, "ताई, इंग्रजी सुधारेल, खेळून पाहा." पहिल्याच दिवशी खेळानं मला काय काम सांगितलं असेल? एका शेतकऱ्याच्या मेंढ्यांची लोकर कातरायची आणि चरख्यावर कातून तिचे वीस गुंडे करून द्यायचे. मी वर्ध्याची बाई. सेवाग्रामच्या आश्रमात शाळेच्या सहलीत चरखा पाहिलेली, पण आयुष्यात सूत कधी कातलं नाही. ते कातलं मोबाइलवर, एका परदेशी राजवाड्याच्या माडीवर उभं राहून!

पुढे भावानं वर्गणी भरली आणि मला जवसाचं शेत सापडलं. आपलं जवस, चटणीचं. आपण त्याचं बी खातो, थंड देशांत त्याच्या खोडाचा धागा काढतात. गेममध्ये ते जवस तोडायचं, चरख्यावर कातायचं, त्याची धनुष्याची दोरी करायची आणि बाजारात विकायची. बाजारही पाहण्यासारखा आहे. माल टाकायचा, आपला भाव लावायचा, त्या भावाला घेणारा जगात कुठेही असला की सौदा होतो. ना अडत्या, ना हमाल. सगळ्यांनी जवस तोडायला सुरुवात केली की भाव पडतो. कापसाचं जे आपण दरवर्षी भोगतो ते मला अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या दोऱ्यांनी नीट समजावलं.

आणि याच बाजारात मी फसले. एक सोंग उभं राहून ओरडत होतं, पैसे द्या, दुप्पट करून देतो. मी थोडे दिले, त्यानं खरंच दुप्पट दिले. पुन्हा दिले, पुन्हा दुप्पट. तिसऱ्या वेळी मी तीन आठवड्यांची सगळी कमाई त्याच्या हातात ठेवली. गडी गायब! पैसे गेममधलेच होते, घरातला एक रुपया गेला नाही. पण मी रात्रभर झोपले नाही. कारण वर्षानुवर्षं गटात मीच सांगत आले होते, दुप्पट देणाऱ्या योजनांपासून लांब राहा. अशा योजनेत पैसे घालून आलेल्या बायांना मी मनातल्या मनात अडाणी म्हटलेलं आहे. त्या दिवसानंतर म्हणत नाही. हाव सुटते तेव्हा कसं वाटतं, कान कसे तापतात, ते मला आता ठाऊक आहे.

आता बचत गटाच्या बायांना आवडेल अशी एक खरी गोष्ट. ईव्ह ऑनलाइन म्हणून आइसलँड देशातल्या कंपनीचा एक खेळ आहे. त्यात आकाशात जहाजं घेऊन व्यापार आणि लढाया करतात. तिथल्या खेळाडूंनी आपसात एक बँकच काढली होती. ठेवी घ्यायची, कर्ज द्यायची, व्याज आकारायची, सगळं गेमच्या पैशात. 2009 मध्ये त्या बँकेचा मुख्य माणूस गेममधले सुमारे 200 अब्ज घेऊन निसटला. ते त्यानं बाहेर खऱ्या पैशाला विकले आणि त्याला 3,000 पौंडांहून थोडे जास्त मिळाले, तेव्हाच्या हिशोबानं अडीच लाखांच्या आसपास. घराचा पहिला भरणा आणि दवाखान्याचा खर्च, यासाठी घेतले म्हणाला. बातमी फुटताच ठेवीदारांची पैसे काढायला झुंबड उडाली. कंपनीनं त्याला खेळातून काढलं, पण चोरीसाठी नव्हे. खेळात चोरी करणं तिथल्या नियमात बसतं! काढलं ते खेळातले पैसे बाहेर विकले म्हणून. मी वाचलं तेव्हा मला आपली पंचसूत्रीच आठवली. नियमित बैठक, बचत, कर्जवाटप, परतफेड, हिशोब लेखन. त्या बँकेत पहिल्या चार असतीलही. पण एकाच माणसाच्या हातात किल्ली आणि कोणी विचारणारं नाही, मग पाचवी काय कामाची?

माझा स्वतःचाही तिथे एक गट आहे. 2021 मध्ये या गेममध्ये नवी सोय झाली. दोन ते पाच जणांनी गट करायचा, बाहेरच्या कोणाशी देवाणघेवाण नाही, जे काही लागेल ते आपसातच पिकवायचं आणि गटाच्या सामाईक पेटीत ठेवायचं. आम्ही चौघं आहोत. मी, भाऊ, त्याचा खोलीतला मित्र आणि नाशिककडची एक मुलगी. मी औषधी वनस्पती लावते. लावली की ऐंशी मिनिटांत तयार होते, खत नीट घातलं नाही तर रोग पडून मरते. नाशिकची मुलगी मासे आणते, पोरं लढाया करतात. दोन महिन्यांत पेटीवरून धुसफूस सुरू झाली. औषधं कोणी संपवली, लोखंड कोणी नेलं. मग मी काय करणार? वही काढली. कोणी काय ठेवलं, कोणी काय नेलं, दर रविवारी फोनवर वाचून दाखवायचं. पोरं हसली, पण भांडण मिटलं. भावाचा मित्र आता मला "अध्यक्ष" म्हणतो.

त्या मुलीबद्दलही सांगायला पाहिजे. तिनं आपल्या सोंगाचं नाव पुरुषाचं ठेवलंय. आधी बाईचं नाव होतं. अनोळखी माणसं फुकट वस्तू द्यायला यायची, मग नंबर मागायची, नाही म्हटलं की शिव्या. माझ्याही वाट्याला आलंय. आवाजावर बोलायचं असेल तर मी फक्त आमच्या चौघांत बोलते. तुमच्या मुली खेळत असतील तर त्यांना ओरडायच्या आधी हे विचारा, तिथे तुला कोणी त्रास देतं का?

आता गेल्या खरिपातली गोष्ट. आमच्या एका गटातल्या ताईंनी बियाणं-खतासाठी गटातून 15,000 रुपये कर्ज घेतलं. पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले. आठ-दहा दिवसांनी कृषी केंद्रात गेल्या, मोबाइलवरून पैसे देऊ लागल्या तर खात्यात साडेतीन हजार. दुकानदारानं दाखवलं, 89 रुपये, 159 रुपये, 799 रुपये, असे तीसेक व्यवहार. अकरावीतल्या मुलानं गेममध्ये घातलेले. चार बोटांचा तो पिन त्याला कसा कळला? ताईंनीच सांगितला होता. "बाबू, मनरेगाचे पैसे आले का पाहून दे." बँकेचे मेसेज येत होते, पण इंग्रजीत. कोण वाचतं?

बैठकीत नुसता गोंधळ. एक म्हणाली फोन फोडून टाक, दुसरी म्हणाली पोट्ट्याले झोडा. तिसरी म्हणाली, यांना पुढे कर्जच देऊ नका. त्या ताई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. पेरणी तोंडावर आलेली. मग एक मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही शिकल्या-सवरल्या, तुम्हीच सांगा ताई, असं काय असते त्या गेममध्ये?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, मीही खेळते."

अशी शांतता मी कोणत्याच बैठकीत पाहिली नाही. मला वाटलं, संपलं आपलं. उद्यापासून माझ्या शब्दाला काय किंमत? मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग त्या पोट्ट्यासंग तुम्हीच बोला. आमचं तं तो ऐकत नाही."

गेले. पोरगा ओट्यावर मान खाली घालून बसलेला. मी उपदेश केला नाही, विचारलं, "कितव्या लेव्हलला आहेस? तुमच्या गटात कोण कोण?" त्यानं मान वर केली. "ताई, तुम्ही गेम खेळता?" मग दीड तास बोलला. त्याचा चौघांचा गट. दोघं शाळेतले, एक यवतमाळचा, एक कधी न पाहिलेला. यवतमाळचा पोरगा त्याचा खरा मित्र झालेला. दहावीत गणितात नापास झाला तेव्हा त्यानंच समजावलं होतं. या गटात नवे कपडे, नवी बंदूक नसली की चिडवतात. मला हसू आलं. आपणही त्याच त्या लुगड्यात तिसऱ्या लग्नाला जायला कचरतोच की.

मग मी त्याच्या फोनवर तो गेम नीट पाहिला. गेमचं नाव सांगत नाही, असे पुष्कळ आहेत. तिथे वस्तूची किंमत रुपयात नसते, हिऱ्यांत असते. आधी रुपये देऊन हिरे घ्यायचे. हिऱ्यांचे पुडे असे बांधलेले की हव्या त्या वस्तूला नेमके कधी पुरत नाहीत. थोडे कमी पडतात, म्हणून अजून एक पुडा. किंवा थोडे उरतात, मग वाया जाऊ नयेत म्हणून अजून एक पुडा. त्यात काही वस्तू सरळ विकतच नाहीत. पेटी विकतात, आत काय निघेल ते उघडल्यावर कळणार. जत्रेतला चक्रीवाला आठवा. आणि वर घड्याळ, आज रात्री बारापर्यंतच. सोळा वर्षांच्या पोराचं सोडा, मी तर चांगली जाणती, दुप्पटवाल्याला फसले.

माझं मत विचाराल तर वर्गणी घेणारा खेळ बरा. महिन्याची रक्कम आधी कळते, घरात बसवता येते. फुकट म्हणणारा खेळ महाग पडतो. माझ्याही खेळात दोष आहेत. वेळ फार खातो, आणि तिथेही पैशानं पुढे जायच्या वाटा कंपनीनं ठेवल्या आहेत. शिवाय तिथे पोटासाठी राबणारेही आहेत. व्हेनेझुएला देशात पैशाची किंमत मातीमोल झाली तेव्हा, 2017 च्या आसपास, तिथली कितीतरी माणसं या खेळात दिवसभर ड्रॅगन मारून सोनं जमवायची आणि ते डॉलरला विकून घर चालवायची. नियमानं ते चूक. आपल्याला करमणूक, त्यांना मजुरी. मी जवस तोडत असताना शेजारी जे मुकं सोंग तोडत असतं, ते कोणाच्या चुलीसाठी तोडत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाया मला विचारतात, सरकारनं गेम बंद केले ना? ऑगस्ट 2025 मध्ये जो कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांसाठी आहे. पैसे लावा, जिंका, अशी रमी वगैरे. त्यात खेळ चालवणाऱ्याला शिक्षा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्या पोराचा खेळ यात येत नाही, माझाही येत नाही. त्यामुळे आपल्या फोनचं आपल्यालाच पाहावं लागेल. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती लावून घ्या. पिन लेकराला सांगितला असेल तर आजच बदला. कर्जाचे पैसे येतात ते खाते मोबाइलला जोडूच नका, रोजच्या व्यवहाराला थोड्या पैशाचं वेगळं खातं ठेवा. कोणी फसवून पैसे काढले तर लगेच 1930 ला फोन. आणि लेकरू खाणंपिणं, शाळा, झोप सगळं सोडून महिनोन् महिने खेळातच असेल तर ते आजारपण असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याला आजारांच्या यादीत घेतलंय. 14416 या सरकारी मोफत नंबरवर मनाच्या त्रासाबद्दल मराठीत बोलता येतं.

त्या घरचं काय झालं? ॲपच्या दुकानाकडे पैसे परत मागण्याचा अर्ज आम्ही केला. अगदी शेवटच्या दोन व्यवहारांचे आले, बाकीच्यांची मुदत गेली म्हणाले. गटानं पेरणीपुरतं पुन्हा कर्ज दिलं. त्यावर दोन बैठका भांडण झालं, एक सदस्य अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिचंही चूक नाही, पैसा तिच्याही घामाचा आहे. बुडालेल्या पैशांसाठी महिना 500 रुपये हप्ता ठरला. अट एकच, हप्ता मुलानं स्वतः बैठकीत आणायचा आणि वहीवर सही करायची. तो सकाळी गावात दूध पोचवतो, त्यातून भरतो. गेम सोडला नाही, पण नवे कपडे घेणं सोडलंय. यवतमाळच्या मित्राला त्यानं खरं काय ते सांगितलं. मित्र म्हणाला, माझ्याही घरी हेच झालं होतं.

सासूबाईंनाही आता कळलंय. परवा माझ्या मागे उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. म्हणाल्या, "इतकं जवस तोडते, घरी चटणीले तं आण थोडं."

मागच्या मंगळवारी पोरानं सहावा हप्ता भरला. सही करता करता हळूच म्हणाला, "ताई, काल तुमच्या वनस्पतीवर रोग पडला का?" मी म्हटलं, "पडला रे. खत घालायचं विसरले."